तराजू, तापलेलं लोखंड आणि कातडं

बुधवार, ओतँ

ओतँला जायला पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून तेझेव्हे ही वेगवान गाडी पकडायची, सव्वा-दीड तासाने ल क्रझोला उतरायचं आणि पुढे बस. स्टेशन शेतांच्या मधोमध आहे. उतरणारे थोडे, त्यातले ओतँला जाणारे आणखी थोडे. माझ्याबरोबर भाची होती. ती बेल्जियममध्ये लूव्हनला नोकरी करते आणि माझ्यासाठी तिने रजा काढली होती. "आत्या, लोक इथवर येऊन आयफेल टॉवर बघतात, तू नरक बघायला आलीयेस," हे तिने पॅरिसपासून ऐकवायला सुरुवात केली होती.

नरक नव्हे, निवाडा. माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून गेली. साहेब निकाल सांगायचे, मी उतरवून घ्यायची. निकाल ऐकण्याची कानांना इतकी सवय झाली, की मध्ययुगातल्या युरोपाने तो डोळ्यांसमोर कसा उभा केला ते बघायची निवृत्तीनंतर हौस वाटू लागली. या विषयावर सगळे इटलीला जातात. मी फ्रान्समधल्या बर्गंडीतून फ्लँडर्सकडे, म्हणजे आजच्या बेल्जियमकडे जाणारी वाट धरली. पंधराव्या शतकात हा सगळा मुलूख बर्गंडीच्या ड्यूकांच्या हाती आला होता, आणि चित्रकार, कारभारी आणि पैसा त्यांच्याच दरबाराभोवती फिरत होता.

ओतँ मुळात रोमन गाव. सम्राट ऑगस्टसच्या नावावरून ऑगस्टोडुनम. वेशी अजून उभ्या आहेत, खालून गाड्या जातात. कॅथेड्रल मात्र गावाच्या वरच्या टोकाला, आणि चढ चांगलाच आहे. सेंट लाझारचं हे देऊळ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. बायबलमध्ये मेलेला लाझारस परत उठतो, त्याचे अवशेष इथे असल्याची श्रद्धा होती, म्हणून यात्रा भरायची. महारोगीसुद्धा मोठ्या आशेने यायचे.

पश्चिमेच्या दारावर, कमानीच्या अर्धगोलात, ११३०च्या आसपास कोरलेला अखेरचा निवाडा आहे, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त सगळ्या मेलेल्यांना उठवून न्याय करतो तो. मधोमध ख्रिस्त, बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट मोठा, दोन्ही हात पसरलेले. चेहऱ्यावर राग नाही, दयाही नाही. त्याच्याभोवती लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा भावार्थ असा : सगळ्याची व्यवस्था मी एकटाच लावतो, लायकांना मुकुट घालतो, गुन्ह्याच्या मागे लागलेल्यांना माझ्या निवाड्याने शिक्षा आवरते. पायाखाली आणखी तीन शब्द, "जिस्लेबर्टसने हे केलं". हा शिल्पकार की शिल्पासाठी पैसा देणारा कुणी बडा, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला शिल्पकारच वाटतो. एवढं काम केल्यावर मी तरी सही केली असती.

ख्रिस्ताच्या डाव्या हाताला, म्हणजे आपल्या उजवीकडे, तराजू टांगलाय. खाली उतरलो तरी मनात राहिलेली गोष्ट ती. एका बाजूला देवदूत मायकेल, त्याच्या झग्याच्या घोळात दोन चिमुकले आत्मे लपलेत. दुसऱ्या बाजूला सैतान, हाडकुळा, फासळ्या मोजाव्यात असा, दांडीला लोंबकळून आपलं पारडं खाली खेचतोय. आता नीट पाहिलं तर मायकेलचाही हात त्याच्या पारड्याला लागलेला. म्हणजे वजनात दोन्ही पक्ष हात घालतायत! कोर्टातल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. उलट शिल्पकाराने कुठलंसं कोर्ट आतून पाहिलं असावं असं वाटलं.

त्याखालची दारावरची आडवी पट्टी. डावीकडे तरलेले, उजवीकडे बुडालेले, आणि मध्ये तलवार घेतलेला देवदूत जो एकाला पलीकडे हाकलतोय. तरलेल्यांमध्ये दोन यात्रेकरू ओळखू येतात, झोळीवर एकाच्या शिंपला आणि एकाच्या क्रूस. बाकी सगळं अंगावरून गेलेलं असलं तरी झोळी सुटलेली नाही. बुडालेल्यांमध्ये पैशाची थैली गळ्यात अडकलेला कंजूष आहे. आणि एक माणूस आहे, त्याचं डोकं वरून आलेल्या दोन भल्यामोठ्या पंजांनी पकडलंय. पंजे कुणाचे ते दिसत नाही. तोंड उघडं. सबंध दारावर याच एका माणसाकडे नजर परत परत जाते.

सैतानांच्या बाजूला धमकीवजा ओळी आहेत : ऐहिक चुकांनी बांधलेल्यांना ही भीती भिववो, कारण या आकृत्यांची भयानकता सांगते तसंच खरोखर होणार आहे. वाचता येणारे तेव्हा किती? पण वाचावं लागतच नाही.

अठराव्या शतकातल्या धर्मगुरूंना हे सगळं रांगडं वाटलं. १७६६मध्ये त्यांनी त्यावर गिलावा करून सपाट भिंत केली. ख्रिस्ताचं डोकं बाहेर येत होतं, तर ते काढूनच टाकलं. पुढे क्रांतीत फ्रान्सभर देवळांची तोडफोड झाली तेव्हा गिलाव्याआडचा निवाडा कुणाच्या लक्षातच आला नाही. १८३७मध्ये गिलावा निघाला, आणि डोकं १९४८मध्ये परत जागेवर बसलं. अठराव्या शतकातल्या त्याच लाटेत उत्तरेकडचं दारही मोडलं होतं. त्यावरची आडवी पहुडलेली हव्वा १८५६मध्ये एका घराच्या भिंतीत दगड म्हणून वापरलेली सापडली. ती रोलँ संग्रहालयाची आहे. संग्रहालयाचं काम चालू होतं, त्यामुळे हव्वा काही भेटली नाही.

आत, वरच्या खोलीत, खांबांवरून उतरवलेली मूळ स्तंभशीर्षं डोळ्यांच्या पातळीवर मांडलीत. ख्रिस्ताला दगा देऊन मग फाशी घेतलेल्या जूडासला दोन सैतान दोरी ओढून मदत करतायत. भाचीला मात्र एकाच पांघरुणाखाली झोपलेले तीन राजे आवडले. देवदूत त्यांतल्या एकाच्या हाताला अलगद एक बोट लावून उठवतोय.

गुरुवार, ओतँ ते बोन

सकाळी पुन्हा त्या दाराशी गेलो. उन्हाची तिरीप अजून पश्चिमेला आली नव्हती, आणि सपाट उजेडात सैतान जरा केविलवाणे दिसत होते. मग बसने शालों, तिथून प्रादेशिक गाडीने बोन. वाटेत द्राक्षांचे मळे लागतात. बोनमध्ये दर तिसरं दुकान वाइनचं. आम्ही दोघीही घेत नाही, त्यामुळे गाव निम्म्या दरात पाहून झालं.

निकोला रोलँ हा माणूस इथे सांगायला हवा. जन्म १३७६, ओतँचा. पेशाने वकील. बर्गंडीच्या ड्यूकाचा १४१९मध्ये खून झाला तेव्हा त्या खटल्यात बर्गंडीची बाजू पॅरिसमध्ये यानेच मांडली. १४२२पासून तो ड्यूक फिलिपचा चॅन्सेलर, आणि पुढे तीसेक वर्षं राज्याचा कारभार याच्या हातात. न्यायखातंही त्यातच आलं. अफाट पैसा केला. आणि १४४३मध्ये बायको गिगॉन द सालँ हिच्यासह गरिबांसाठी इस्पितळ काढलं. फ्रान्सचा राजा अकरावा लुई म्हणे असं म्हणाला होता, की ज्याने इतक्यांना गरीब केलं त्याने त्यांना घर बांधून द्यावं हे रास्तच आहे. राजा खरंच म्हणाला की नाही कोण जाणे, पण बोनमध्ये हा किस्सा ऐकल्याशिवाय सुटका नाही.

शुक्रवार, बोन

इस्पितळाचं आवार रंगीत, चकचकीत कौलांमुळे प्रसिद्ध आहे. लाल, हिरवी, पिवळी, तपकिरी नक्षी. फोटो सगळे तिथेच काढतात. पहिला रोगी १४५२च्या पहिल्या जानेवारीला आला आणि रुग्णसेवा १९७१पर्यंत इथेच चालू होती.

गरिबांचा मोठा दिवाणखाना पन्नासेक मीटर लांब आहे. दोन्ही भिंतींना लाकडी खाटा, लाल पडदे. टोकाला प्रार्थनेची जागा. तिथल्या वेदीवर रोजिए व्हॅन डर वेडनने रंगवलेलं निवाड्याचं दारादारांचं चित्र असायचं. एरवी दारं मिटलेली. मिटलेल्या बाजूवर गुडघे टेकलेले रोलँ आणि गिगॉन, आणि मध्ये सेबास्टियन आणि अँटनी हे रोगराईतून वाचवणारे संत. रविवारी आणि सणाला दारं उघडायची. मग खाटांवरच्यांना दिसायचं ते पाच मीटरहून रुंद, सोन्याने उजळलेलं, न्यायाचं दृश्य. मरणाच्या दारातल्या माणसाला हे दाखवण्याची कल्पना आज आपल्याला निष्ठुर वाटते. त्यांच्या लेखी मात्र औषधाइतकंच ते गरजेचं होतं. शरीर जाणारच, आत्म्याची तयारी करा. आणि रोलँने त्यात आपलीही तयारी करून घेतली, हे बाहेरच्या दारावरच्या गुडघ्यांवरून दिसतंच.

आता ते चित्र वेगळ्या अंधाऱ्या खोलीत आहे. त्याच्यासमोर एक मोठं भिंग यंत्राने सरकतं, आणि चेहऱ्यावरचे अश्रू, केस, गवताची पाती एकेक करून दाखवतं. एकोणिसाव्या शतकात फळ्या उभ्या चिरून पुढची आणि मागची बाजू वेगळी केली, म्हणजे दोन्ही एकदम मांडता येतील. त्याच शतकात आधी कुणीतरी नागड्या आत्म्यांना रंगाने कपडेही चढवले होते. ते नंतर उतरवले.

मधोमध वर इंद्रधनुष्यावर ख्रिस्त. एका बाजूला कमळासारखं पांढरं लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला तापून लाल झालेली तलवार. फुलाच्या बाजूने "या" असं बोलावणं वर चढतं, तलवारीच्या बाजूने "चालते व्हा" असा हुकूम खाली उतरतो. त्याच्या बरोबर खाली मायकेल. ओतँचा मायकेल झग्यात आत्मे लपवत होता. हा पुजाऱ्याच्या पांढऱ्या वेषात, वरून लाल जरीचा, पाठीला मोरपिसांचे पंख, आणि नजर थेट आपल्यावर. इतका शांत की कुणाचंही ऐकून घेणार नाही.

तराजू बघितला आणि मी थांबलेच. ओतँला सैतान पाप जड करायला धडपडत होता, म्हणजे खाली जाणारं पारडं कुणाच्या बाजूचं हा झगडा होता. इथे सैतानच नाही. दोन पारड्यांत दोन इवली माणसं, एकाशी "पुण्य" आणि एकाशी "पाप" असं लॅटिनमध्ये लिहिलेलं. पापाचं पारडं खाली गेलंय, पुण्याचं वर हलकं होऊन उचललंय. कुणी दांडी ओढलेली नाही. पाप आपल्याच वजनाने खाली गेलं.

आणि नरकाकडे जाणारे बघा. पंजे नाहीत, काटे नाहीत, ढकलणारं कुणी नाही. केस उपटत, कान झाकून, एकमेकांना चावत ते आपल्याच पायांनी कडेला जातात आणि पडतात. समोरच्या बाजूला तरलेले मोजकेच, एका सोनेरी दारात देवदूत त्यांना आत घेतोय. मला हे ओतँपेक्षा कितीतरी भयंकर वाटलं. बाहेरचा सैतान असला की निदान त्याच्यावर ढकलता येतं. आरोपीच्या पिंजऱ्यात मी असे लोक पाहिलेत, ज्यांना शिक्षा ऐकण्याआधीच ती लागलेली असते. शिपाई नुसता शेजारी उभा असतो.

मधल्या तीनशे वर्षांत काय झालं असेल? माणसाने आपल्या पापांची कबुली वर्षातून एकदा द्यावी असा नियम चर्चने १२१५मध्ये रोमच्या लॅटरन सभेत केला. त्याच सभेने धर्मगुरूंना अग्निदिव्यासारख्या कसोट्यांमध्ये भाग घ्यायची मनाई केली. म्हणजे दोषी कोण हे आगीने सांगण्याचे दिवस सरत गेले, आणि तपास, साक्षी, कबुली यांचं महत्त्व वाढलं. चित्रकार काही कायद्याची पुस्तकं वाचून रंगवत नव्हता. पण दोषाचं मूळ माणसाच्या आत शोधायची सवय जनमानसात मुरली होती, ती या फळ्यांवर उतरली असं मी म्हणेन. भाची म्हणाली, "आत्या, तू आता निकालपत्र सांगायला लागलीस." दोघीही बाहेर येऊन कौलं बघत बसलो.

शनिवार, प्रवास

बोन ते दिजों, दिजों ते पॅरिस, मेट्रोने गार द्यू नोर, तिथून ब्रसेल्स. जड सामान असेल तर पॅरिसमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये तासाभराची तजवीज ठेवा. लूव्ह्रमध्ये यान व्हॅन आइकने रंगवलेला रोलँ आहे, मरियमसमोर गुडघे टेकलेला, जरीच्या कोटात. पूर्वी तो ओतँच्याच एका चर्चमध्ये होता. वेळ नव्हता. शनिवारी लूव्ह्रला जायची हिंमतही नव्हती.

रविवार, ब्रसेल्स

ग्राँ-प्लासवर सकाळी लवकर गेलं तर चौक मोकळा मिळतो. नगरभवनाचा मनोरा १४५५ला पुरा झाला, आणि त्याच्या टोकावर सैतानाला पायाखाली घेतलेला मायकेल. तो ब्रसेल्सचा रक्षक संत. तराजू गेला, नुसती तलवार राहिली.

या इमारतीत मला जे पाहायचं होतं ते सव्वातीनशे वर्षांपूर्वी जळून गेलंय. रोजिए व्हॅन डर वेडन १४३६पर्यंत ब्रसेल्सचा शहर-चित्रकार झाला होता. नगरभवनातल्या ज्या दालनात शहराचे पंच न्यायाला बसत तिथे त्याने चार प्रचंड फळ्या रंगवल्या. त्या काळातली ही सगळ्यात नावाजलेली चित्रं. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२०मध्ये येऊन ती पाहिली. ऑगस्ट १६९५मध्ये चौदाव्या लुईच्या सैन्याने शहरावर तोफा डागल्या, त्यात ती गेली. काय होतं ते कळतं बर्नच्या संग्रहालयातल्या एका विणलेल्या पडद्यावरून. लोझानच्या बिशपसाठी या चित्रांवरून तो विणला होता.

पहिली गोष्ट रोमन सम्राट ट्रेजनची. युद्धाला निघालेल्या सम्राटाचा घोडा एक विधवा अडवते. माझ्या मुलाला मारलं, न्याय दे. आल्यावर देतो, सम्राट म्हणतो. आणि नाही आलास तर? सम्राट खाली उतरतो, मारेकऱ्याला शिक्षा फर्मावतो, आणि मगच पुढे जातो. "तारीख पुढची द्या" हे ज्यांनी जन्मभर ऐकलं त्यांना ही गोष्ट फार गोड लागेल. पुढे म्हणे पोप ग्रेगरीने या परधर्मी राजासाठी प्रार्थना केली, आणि त्याच्या कवटीत जीभ तेवढी शाबूत सापडली. न्यायाचा शब्द उच्चारलेली जीभ ना!

दुसरी गोष्ट हर्किनबाल्डची. आजारी पडलेला न्यायी सरदार. त्याच्या भाच्याने एका स्त्रीवर अत्याचार केला. लोकांनी भाच्याला लपवलं, पण तो स्वतःच मामाला भेटायला आला तेव्हा त्याने अंथरुणावरूनच त्याचा गळा चिरला. बिशप म्हणाला, हे पाप कबूल कर, त्याशिवाय प्रसाद देणार नाही. हा म्हणाला, ते पाप नव्हेच. आणि प्रसाद आपोआप त्याच्या तोंडात आला. पहिली गोष्ट मला पटते, दुसरी पटत नाही. शहराच्या पंचांना मात्र दोन्ही समोर हव्या होत्या : एक सांगते उशीर करू नका, दुसरी सांगते आपल्या माणसालाही सोडू नका. आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सांगतात ती याच जातीची.

निकोलस ऑफ कूसा नावाच्या कार्डिनलने १४५३मध्ये लिहिलेल्या एका ग्रंथात या चित्रांतल्या एका चेहऱ्याचा उल्लेख आहे. खोलीत कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतोय असं वाटायचं. तो चेहरा रोजिएचा स्वतःचा होता असं मानतात. कार्डिनलला त्यातून देवाच्या सर्वदर्शी नजरेबद्दल बोलायचं होतं. मला त्या खोलीत बसून साक्षी ऐकणाऱ्या पंचांचं आठवत राहिलं.

कारण इथे चित्राचं तोंड फिरलं आहे. चर्चच्या दारावर निवाडा सगळ्यांच्या डोक्यावर होता. नगरभवनात तो खास निवाडा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टांगला. आमच्या कोर्टात अशोकस्तंभ आणि "सत्यमेव जयते" न्यायाधीशांच्या डोक्यामागे असतं. पक्षकार, वकील, साक्षीदार, मी, सगळ्यांना दिवसभर दिसायचं. साहेबांना तेवढं मान वळवल्याशिवाय नाही.

दुपारी रॉयल म्युझियममध्ये. रोजिएचं गेलं, पण डिरिक बाउट्सच्या दोन फळ्या इथे आहेत, सव्वातीन मीटर उंच. लूव्हनच्या नगरभवनासाठी १४६८मध्ये शहराने त्याला हे काम दिलं. विषय सुचवला तिथल्या विद्यापीठातल्या एका धर्मपंडिताने. चार फळ्या ठरल्या होत्या, १४७५ला बाउट्स गेला तेव्हा दोनच हाती घेतलेल्या, त्यातली एक त्याच्या मागे कारखान्यातल्या लोकांनी पुरी केली.

गोष्ट तिसऱ्या ओटो सम्राटाची, इतिहासात न घडलेली. राणी एका काउंटला गळ घालते, तो नाकारतो, ती उलट त्याच्यावरच आळ घेते. सम्राट चौकशी न करता त्याचं डोकं उडवतो. पहिल्या फळीत काउंट पांढऱ्या सदऱ्यात चालतोय, बायको शेजारी, आणि पुढे तीच बायको जल्लादाकडून मस्तक कापडात झेलून घेते. भिंतीमागून राजा-राणी पाहतायत.

दुसरी फळी मी अर्धा तास पाहिली. सिंहासनावर ओटो. समोर विधवा गुडघ्यांवर, एका हातावर नवऱ्याचं मस्तक, दुसऱ्या हातात तापून लाल झालेली लोखंडी पहार. जमिनीवर निखाऱ्यांची शेगडी. हात भाजलेला नाही, म्हणजे नवरा निर्दोष. मागे टेकडीवर, नखाएवढी, जळत असलेली राणी. चित्रातल्या सगळ्यांचे चेहरे अगदी निर्विकार, बाउट्सचे सगळेच तसे असतात, उभट आणि कोरे. आधी मला ते कमजोरपण वाटायचं. पण इथे कुणीच ओरडत नाही म्हणून ती पहार जास्त लाल दिसते.

अग्निदिव्याला चर्चने पाठ दाखवून तेव्हा अडीचशे वर्षं झाली होती, आणि लूव्हनचे पंच काही पहार तापवून निकाल देत नव्हते. चित्र सांगतंय ते वेगळंच. एका बाजूचं ऐकून निकाल दिलास, आता समोर बघ. आणि दोषी कोण ठरतोय? राणी जळते हे खरं, पण चित्राचा खरा आरोपी सिंहासनावर बसलाय.

सोमवार, लूव्हन

ब्रसेल्सची संग्रहालयं सोमवारी बंद, ब्रुजचीही. म्हणून सोमवार भाचीच्या गावाला दिला. गाडीने पंचवीसेक मिनिटं. लूव्हनचं नगरभवन १४६९ला पुरं झालं, आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर तिळाएवढी जागा कोरी सोडलेली नाही. कोनाड्यांत दोनशे छत्तीस पुतळे आहेत, पण ते एकोणिसाव्या शतकात बसवलेले. बाउट्सला या इमारतीसाठी अखेरच्या निवाड्याचंही चित्र सांगितलं होतं. त्याची दोन दारं, स्वर्ग आणि नरक, आज फ्रान्समध्ये लीलला आहेत. एकाच इमारतीत देवाचा न्याय आणि माणसाचा न्याय शेजारी. न्याय करणाऱ्याला दोन्हीकडून वेढलं होतं म्हणायचं. ओटोच्या फळ्या शहराने एकोणिसाव्या शतकात विकल्या, त्या फिरत फिरत ब्रसेल्सला गेल्या.

समोरच्या सेंट पीटर्समध्ये बाउट्सचंच अखेरचं भोजन पाहिलं. भाचीने मग पिठलं-भात केला. सोमवारचं वर्णन इथे संपलं.

मंगळवार, ब्रुज

पाऊस होता, त्यामुळे कालव्यांवरची गर्दी कमी. आम्ही सरळ ग्रुनिंगे संग्रहालय गाठलं.

जेरार्ड डेव्हिडने १४९८मध्ये ब्रुजच्या पंचांसाठी केलेलं हे दोन फळ्यांचं चित्र. गोष्ट हेरोडोटसच्या इतिहासातली. पर्शियाचा राजा कॅम्बिसीस. त्याचा न्यायाधीश सिसॅम्नीज लाच घेऊन निकाल देतो. राजा त्याची कातडी सोलायला लावतो, ती त्याच्याच आसनावर चढवतो आणि त्याच्या मुलाला, ओटॅनीजला, त्या आसनावर न्यायाधीश म्हणून बसवतो. कुठे बसलायस ते विसरू नकोस.

डावी फळी अटकेची. सिसॅम्नीज लाल झग्यात आसनावर, एकाने दंडाला धरलंय, समोर राजा बोटांवर आरोप मोजतोय. सगळी हालचाल त्या बोटांत आहे. मागे, लहानसं, घराच्या ओट्यावर तोच न्यायाधीश पैशाची थैली घेताना. मजा अशी की ही जागा पर्शिया नाही. मागे दिसणारी इमारत ब्रुजमधली आहे, नागरिकांच्या मंडळाची, आजही उभी. भोवतीचे बघे ब्रुजच्याच लोकांसारखे, त्यांच्याच टोप्यांत. चित्राखाली बसणाऱ्या पंचाला त्यात शेजारी ओळखू येत असतील. आसनाच्या वर भिंतीवर इटालियन धाटणीच्या गोल नक्षीपट्ट्या आहेत, आणि त्यातल्या एकीत अपोलो आणि मार्सियास. देवाशी वाजवण्यात पैज लावून हरलेल्या मार्सियासलाही सोललं होतं. शेजारच्या फळीत काय होणार ते भिंतीने आधीच सांगून टाकलंय.

उजवी फळी. भाची दोन मिनिटांत बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. टेबलावर बांधलेला नागडा सिसॅम्नीज आणि चार माणसं कामाला लागलेली. काम हाच शब्द बरोबर. एकाने सुरी दातात धरलीय, कारण पायाची कातडी मोज्यासारखी उतरवायला दोन्ही हात लागतात. रक्त नावापुरतं. राजा आणि दरबारी उभे, त्यातले काही भलतीकडे बघतायत. लाल झगा टेबलाखाली पडलाय. एक कुत्राही आहे. आणि मागे उजवीकडे, कमानीखाली, तरुण ओटॅनीज न्यायासनावर, पाठीमागे ते कातडं. अर्ध्या तळहाताएवढा. सोलणं बघता बघता तो नजरेतून निसटतो, पण चित्र रंगवलं गेलं त्याच्यासाठी.

काम ब्रुजला का सुचलं असेल, याला पार्श्वभूमी आहे. १४८८मध्ये शहराने, तेव्हा फ्लँडर्सचा कारभार बघणाऱ्या ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनलाच पकडून मार्क्ट चौकातल्या एका घरात फेब्रुवारीपासून मेपर्यंत ठेवलं. त्याच्या बाजूचे अधिकारी पकडले, पीटर लांखाल्सचा भर चौकात शिरच्छेद केला. मॅक्सिमिलियन सुटला, आणि पुढे शहराला ते चांगलंच महागात पडलं. हे चित्र म्हणजे त्या बंडाबद्दलची माफी की त्या अधिकाऱ्यांवरची टिप्पणी, यावर मतं वेगवेगळी आहेत. चित्रात मॅक्सिमिलियनच्या मुलाची आणि सुनेची राजचिन्हं आहेत, त्यामुळे राजवटीला दुखावण्याचा हेतू नसावा. मला राजकारणाइतकंच साधं कारणही पुरेसं वाटतं. ब्रुज व्यापाऱ्यांचं गाव. करार मोडला तर दाद मागायला परदेशी व्यापारी इथल्याच पंचांकडे येत. पंच विकत मिळतात असा बोभाटा झाला की पेठ बसलीच.

या सगळ्या वाटेवर डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता कुठेही भेटली नाही. मध्ययुगातल्या चित्रांत न्याय उघड्या डोळ्यांचाच असायचा, बघणं हेच त्याचं काम. पट्टी पहिल्यांदा दिसते ती १४९४मध्ये बासलला छापलेल्या एका पुस्तकातल्या लाकडी ठशात, आणि ती बांधतोय विदूषक. कज्जेदलालांची ती टिंगल होती. पुढच्या शतकात त्याच पट्टीचा अर्थ उलटून निःपक्षपातीपणा झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात बसवलेल्या नव्या पुतळ्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढलीय, २०२४मध्ये ती बातमी आली तेव्हा आमच्या निवृत्तांच्या गटात दोन आठवडे रण माजलं होतं. डेव्हिडच्या पंचांनी डोळे मिटायची परवानगी मागितली असती तर बरंच झालं असतं त्यांचं.

निघण्यापूर्वी त्याच संग्रहालयातलं यान प्रोवोस्टचं निवाड्याचं चित्र पाहिलं, १५२५चं, तेही नगरभवनासाठीच. काळाने ते मध्ययुगाच्या पलीकडचं, पण मांडणी जुनीच : वर ख्रिस्त, खाली उठणारे मेलेले, एका कडेला नरक. नरकाच्या गाडीत प्रोवोस्टने धर्मगुरूंनाही बसवलं होतं. १५५०मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फर्मानाने असं दाखवायला बंदी आली आणि पीटर पूर्बुस या चित्रकाराला बोलावून ते झाकायला लावलं. विसाव्या शतकात साफसफाई करताना पूर्बुसचा रंग काढला. भाचीने बाकावरून येऊन विचारलं, "आता कोण उरलंय नरकात?" मी तिला बोट दाखवलं. मठाधिकाऱ्यांपासून सगळे पुन्हा आपापल्या जागी बसलेत.